ए-बे ते कीहोलो: हवाईच्या लाव्हा किनाऱ्यावरून चालत जायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुलैच्या शेवटी तुम्ही दोघं कॅलिफोर्नियाहून हवाईच्या मोठ्या बेटावर येताय, नाशिकहून आलेले आई-बाबा सोबत आहेत. पश्चिम किनाऱ्यावर आनाएहोओमालुच्या पुळणीपासून (इथले सगळे तिला ए-बे म्हणतात) दक्षिणेला कीहोलोच्या उपसागरापर्यंत पायी जायचंय. नकाशावर अंतर अकरा किलोमीटरच्या आसपास आणि चढ जवळजवळ शून्य. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने झालाय, राजगड-तोरणा झालाय. मग नाश्ता करून दहाला निघालो तर एकपर्यंत पोहोचू ना? बूट कोणते घालायचे? पाणी किती न्यायचं? आणि रोज तासभर चालणाऱ्या आई-बाबांना नेता येईल का?

मी पुण्यात भूशास्त्र शिकले. आता कोना भागात राहते आणि याच किनाऱ्यावर लोकांना चालायला घेऊन जाते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. दोन गोष्टी मात्र आधीच सांगते: दहाला निघू नका, आणि आई-बाबांना पूर्ण वाटेवर नेऊ नका. कीहोलो त्यांना नक्की दाखवा, पण वेगळ्या रीतीने. ते खाली लिहिलंय.

तुम्ही अंतर, बूट आणि पाणी विचारलंत. मला यातला खरा प्रश्न वेगळा दिसतो: मध्येच कुणाला त्रास झाला तर बाहेर कुठून पडायचं? सह्याद्रीत आपण हा प्रश्न फारसा विचारत नाही, कारण तिथे उत्तर बहुतेक वेळा असतंच. एखादी घळ असते, झाडोरा असतो, कातळात खोदलेलं टाकं असतं, नाहीतर खाली वाडी दिसत असते. इथे यातलं काहीच नाही. मोठा हायवे किनाऱ्याला समांतर जातो, एक-दोन किलोमीटर आत. कधीकधी गाड्या चकाकताना दिसतातही. म्हणून लोकांना वाटतं की अगदीच जमलं नाही तर सरळ रस्त्याकडे चालू लागू. तसं करू नका. मधला पट्टा उघड्या लाव्हाचा आहे आणि त्यातून वाट सोडून रस्त्याकडे जाणं हे पुढची सगळी वाट चालण्यापेक्षा अवघड असतं. तुमच्या वाटेवर मध्ये बाहेर पडायची शहाणपणाची जागा एकच आहे, केआवाइकी. तिथून सुमारे दीड किलोमीटरचा गाडीरस्ता हायवेवरच्या फाटकापर्यंत जातो. तुमचा सगळा बेत या एका जागेभोवती आखायला हवा.

आता दगडाबद्दल. तुमच्या हिशेबातली गल्लत इथेच आहे. दगड आपल्याकडचाच आहे, बेसाल्ट. वेरूळची लेणी ज्यात कोरली तोच. पण दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इतक्या काळात पावसाने त्याच्या कडा झिजवल्या, त्याची माती केली, भेगांमध्ये गवत रुजलं. तुमच्या वाटेवरचा सगळ्यात तरुण दगड १८५९चा आहे. त्या वर्षीच्या २३ जानेवारीला मौना लोआ या ज्वालामुखीचा उद्रेक सुरू झाला आणि सुमारे पन्नास किलोमीटर वाहत लाव्हा आठ दिवसांत समुद्राला मिळाला. वाटेत वाइनानालीइ गाव गेलं. कामेहामेहा राजाच्या काळात कीहोलोला बांधलेलं मोठं मत्स्यतळंही बरचसं गेलं. इथे वर्षाला साधारण अडीचशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणात पडतो त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. त्यामुळे दीडशेहून जास्त वर्षं होऊनही तो लाव्हा कालच थंड झाल्यासारखा दिसतो, आणि पायालाही तसाच लागतो.

लाव्हाचे दोन प्रकार तुम्हाला भेटतील. पाहोएहोए म्हणजे सलग आणि गुळगुळीत, वर वळ्या पडलेल्या. यावर चालणं सुखाचं असतं, पण काही ठिकाणी वरची साल पातळ असते आणि खाली पोकळी. मी अशा जागी काठी आपटून पाहते. भरीव दगडाचा आवाज वेगळा येतो आणि पोकळ जागेचा वेगळा, दहा मिनिटांत कानाला सवय होते. फुगवटा आलेल्या जागेच्या मधोमध पाय देऊ नका, कडेने जा. दुसरा प्रकार आआ. रस्त्याच्या कामाला खडीचे ढीग टाकलेले असतात, त्यावरून चालायचं आणि त्या खडीतला प्रत्येक दगड नुकता फोडलेला, असं समजा. पाय ठेवला की दगड हलतो, कलतो, कधी उलटतो. तोल गेला की माणूस हात टेकतो आणि तळवे सोलवटून निघतात. सह्याद्रीत ताशी चार किलोमीटर चालणारा माणूस मोकळ्या आआवर ताशी दीडवर येतो, आणि त्या दीड किलोमीटरमध्ये घोट्यांना जे कष्ट पडतात त्यांचा अंदाज चढ-उताराच्या आकड्यावरून येत नाही.

म्हणूनच वाट सोडायची नाही. जुन्या हवाईयन लोकांनी आआच्या पट्ट्यांमधून जाण्यासाठी समुद्राने गोल केलेले दगड वाहून आणले आणि पावलाच्या अंतरावर एकापुढे एक बसवले. ती पायवाट अजून कित्येक ठिकाणी शाबूत आहे. नंतर, एकोणिसाव्या शतकात घोडे आले तेव्हा, कडेला दगड लावलेले सरळसोट मार्ग काढले गेले. २०००पासून या बेटावरच्या सुमारे २८० किलोमीटरच्या वाटांना ‘आला काहाकाइ’ या नावाने राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा आहे, आणि तुमचा टप्पा त्याचाच तुकडा. काही ठिकाणी दगडांच्या छोट्या रचना वाटेची खूण म्हणून आहेत. त्या बघत जा, पण हौसेने नव्या रचू नका. मागून येणारा तुमची रचना खरी खूण समजून आआत शिरतो. दगडी बांध, भिंती, गुहा यांत हात घालू नका. इथे पूर्वजांची दफनं आहेत आणि ती वाट आजही स्थानिक कुटुंबांची आहे. आपल्या गडावरच्या समाधीजवळ आपण जसे वागतो, तसंच वागायचं.

उन्हाबद्दल बोलताना मराठी माणसाला एक गोष्ट लगेच पटते. कीहोलोचा अक्षांश जवळजवळ छत्रपती संभाजीनगरचाच आहे. म्हणजे शून्य सावलीचा दिवस आपल्यासारखाच इथेही वर्षातून दोनदा येतो, मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात. तुम्ही नेमके त्याच दिवसांत येताय. घड्याळात साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असेल आणि उभ्या माणसाला स्वतःचीही सावली मिळणार नाही. तुमच्या बेताप्रमाणे दहाला निघालात तर तुम्ही त्या वेळी वाटेतल्या सगळ्यात उघड्या भागात असाल.

शिवाय ऊन फक्त वरून येत नाही. काळा दगड सकाळपासून तापत जातो आणि अकराच्या पुढे खालूनही धग देऊ लागतो. समुद्रावरची चकाकी तिसऱ्या बाजूने येते. आणि या सगळ्यात वारा असतो. वारा म्हणजे चांगलंच, असं वाटतं. मला मात्र इथे वाऱ्याचीच काळजी वाटते. घाम येतो तसा सुकतो, अंग ओलं होत नाही, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. मुंबईत घामाने शर्ट चिकटला की आपण पाण्याची बाटली काढतो. इथे ती आठवण होतच नाही. म्हणून तहानेवर अवलंबून राहू नका, दर वीस मिनिटांनी ठरवून चार घोट घ्या.

आता वेळ. जुलैत इथे सहाच्या थोडं आधी सूर्य उगवतो, पण पूर्वेला डोंगर असल्याने किनाऱ्यावर ऊन यायला आणखी वेळ लागतो. ही फुकट मिळणारी सावली वाया घालवू नका. उजाडता उजाडता ए-बेच्या वाळूवर असा. तिथल्या वाहनतळाला फाटक आहे, ते किती वाजता उघडतं ते आदल्या दिवशी जाऊन पाटीवर वाचा. उशिरा उघडत असेल तर कुणालातरी सोडायला सांगा. पुळण संपली की कापालाओआपर्यंतचा भाग सोपा आहे. पुढे आआ सुरू होतो आणि वेग निम्म्यावर येतो. वाटेत जरा आतल्या बाजूला सोनेरी तळाची खारट-गोडी डबकी लागतात. जमिनीखालून येणारं गोडं पाणी आणि समुद्राचं पाणी तिथे मिसळतं. बघायला सुंदर आहेत, पण त्यात उतरू नका. अंगावरचं क्रीम त्या पाण्यात मिसळतं आणि तिथे राहणाऱ्या इवल्या लाल कोळंबीला ते सोसत नाही. आणि ते पाणी पिण्याचंही नाही.

केआवाइकीला आठ-सव्वाआठपर्यंत पोहोचाल असं धरा. तिथे काळ्या गोट्यांचा किनारा आहे आणि कुंपण घातलेली खाजगी वास्तू. वाट तिच्या समुद्राकडच्या बाजूने जाते. इथे थांबा, बसा, खा, आणि घड्याळ बघा. माझा नियम असा: नऊ वाजून गेले असतील, किंवा दोघांपैकी कुणाचंही निम्म्यापेक्षा जास्त पाणी संपलं असेल, किंवा कुणाचं डोकं दुखत असेल, तर पुढे जायचं नाही. गाडीरस्त्याने बाहेर पडायचं आणि बोलावलेल्या गाडीत बसायचं. हा नियम मी लोकांना चालायला सुरुवात करायच्या आधी सांगते, कारण तिथे पोहोचल्यावर प्रत्येकाला “आता काय, थोडंच तर राहिलंय” असंच वाटतं. थोडं राहिलेलं नसतं. पाच-सहा किलोमीटर बाकी असतात, त्यात बाहेर पडायला जागा नाही, आणि ऊन तर आता चढायला लागलेलं असतं. सगळं नीट असेल तर पुढे जा. अकराच्या आत तुम्ही वाइनानालीइच्या निळ्या-हिरव्या लगूनजवळ असाल. १८५९च्या लाव्हाने समुद्रात जीभ घातली, तिच्या आत राहिलेलं हे पाणी. एकूण पाच तास धरा.

बुटांबाबत माझं मत ठाम आहे. सह्याद्रीत मऊ रबरी तळव्याचे हलके बूट छान चालतात, कारण ओल्या कातळावर पकड हवी असते. इथे दगड कोरडा आणि खरखरीत, पकड आपोआप मिळते. इथे हवा तो जाड, ताठ तळवा आणि घोटा धरून ठेवणारी उंची. कापडी बूट आआला कडेने घासून एका दिवसात फाटू शकतात. नवे बूट मात्र इथे पहिल्यांदा घालू नका. एक साधी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे हातमोजे. बागकामाचे चामडी मोजे घ्या आणि आआवर ते घालूनच चाला. लांब बाह्यांचा सैल सुती किंवा पातळ शर्ट, पूर्ण पॅंट. काठी असेल तर एकच, आणि टोकाला रबर लावून, नाहीतर आआच्या फटीत अडकून तीच तुम्हाला पाडेल. किनाऱ्यालगत जिथे झाडं दिसतात ती बहुतेक कियावे. आपल्या वेड्या बाभळीची सख्खी नातेवाईक. सावली विरळ आणि काटे भरपूर, चपलेच्या तळव्यातून आरपार जाणारे. त्याखाली बूट काढून बसू नका.

डोक्याला रुंद काठाची टोपी आणि मानेवर सुती पंचा. सकाळी तुम्ही नैऋत्येकडे चालत असाल, ऊन पाठीवर येईल, म्हणून मान आणि कानांमागचा भाग सगळ्यात आधी भाजतो. पंचा समुद्राच्या पाण्यात बुडवून पिळायचा आणि गळ्यात टाकायचा. या वाटेवर पिण्याचं पाणी नसलं तरी थंड व्हायला लागणारं पाणी सतत उजव्या हाताला आहे, त्याचा भरपूर उपयोग करा. क्रीमबद्दल एक: ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली क्रीम विकायला हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, कारण त्यांचा प्रवाळांना धोका. झिंक ऑक्साइडचं घ्या.

पाणी माणशी पाच लिटर. वजन होतं, मान्य. तासाला अर्धा ते पाऊण लिटर जाईल, उरलेलं अडचणीसाठी. नुसतं पाणी पीत राहिलात आणि मीठ गेलंच नाही तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. म्हणून निम्म्या पाण्यात ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर घाला. खायला भडंग, खारे शेंगदाणे, खजूर, चिक्की. आदल्या रात्री दारू नको, आणि आदल्या संध्याकाळी नीट पाणी पिऊन झोपा.

लक्षणांचं दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं. घाम, अशक्तपणा, मळमळ, चक्कर असेल तर थांबा, बूट सैल करा, अंगावर समुद्राचं पाणी ओता, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा चिडचिडा होऊन ऐकेनासा झाला, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरीही. लगेच ९११ला फोन आणि मदत येईपर्यंत सतत ओलं करणं. फोनला सिग्नल सगळीकडे मिळेलच असं नाही, म्हणून कुठून निघालात आणि किती वाजेपर्यंत पोहोचणार हे मागे कुणालातरी लिहून ठेवा.

समुद्राबद्दल. हा किनारा वायव्येकडे तोंड करून आहे, त्यामुळे मोठ्या लाटांचा मोसम हिवाळ्याचा. जुलैत बहुधा शांत मिळेल. तरी पंचा भिजवायला उतराल तेव्हा उथळ, वाळूच्या किंवा गोट्यांच्या खाचेतच उतरा. ओला चकचकीत काळा दगड म्हणजे तिथे लाट पोहोचते आणि शेवाळ आहे, इतकं लक्षात ठेवा. समुद्राकडे पाठ करून फोटो नकोत.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही आहेत. किलाउएआचा उद्रेक चालू असेल तर ज्वालामुखीचा धुरकट वायू वळून या पश्चिम किनाऱ्यावर जमतो. कुणाला दमा असेल तर त्या दिवशी बेत रद्द. तुम्ही थंड हवेच्या गावातून येताय का, हेही महत्त्वाचं. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडाभर तरी लागतो, म्हणून ही वाट सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांत ठेवू नका. आधी एक सकाळ ए-बेहून कापालाओआच्या थोडं पुढे, आआवर जरा चालून परत या. तेवढ्यात बूट, वेग आणि पाण्याचा अंदाज येईल. त्या सकाळी आआवरचा वेग ताशी दोनच्या खाली राहिला तर केआवाइकीलाच थांबायचं असं आधीच ठरवून टाका.

आई-बाबांचं. रोज तासभर चालतात हे फार छान, पण सपाट रस्त्यावरचं चालणं आणि हलत्या दगडांवर तोल सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या वयात आआवर पडणं म्हणजे मनगटाचं किंवा खुब्याचं हाड, तेही गाडी न पोहोचणाऱ्या जागी. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी जास्त होण्याच्या, उन्हात त्रास वाढवतात. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. पण कीहोलो त्यांना दिसायलाच हवं. हायवेवरून कच्चा रस्ता थेट कीहोलोच्या किनाऱ्यापर्यंत येतो. कुणीतरी त्यांना सकाळी आठच्या सुमारास गाडीने तिथे आणलं, तर ते किनाऱ्याकिनाऱ्याने सावकाश लगूनच्या दिशेने चालू शकतात आणि जमेल तिथून परतू शकतात. गोट्यांवर काठी हवी, घाई नको. हिरवी समुद्री कासवं दगडांवर ऊन खात पडलेली दिसतात. त्यांच्यापासून किमान तीन मीटर लांब राहायचं, हात लावायचा नाही. आईंना हे आधी सांगून ठेवा, कारण ती इतकी निवांत पडलेली असतात की नमस्कार करायला कुणीही जवळ जाईल. पिण्याचं पाणी तिथेही मिळत नाही, डबा आणि पाणी गाडीतच ठेवा.

गाडी कीहोलोला असल्याने तुमचा परतीचा प्रश्नही सुटतो. केआवाइकीहून बाहेर पडायची वेळ आली तर तीच गाडी हायवेवरच्या फाटकाशी बोलावता येईल. म्हणून गाडी चालवणाऱ्याला आदल्या दिवशीच ते फाटक दाखवून आणा, आणि आठ ते साडेनऊ फोनजवळ राहायला सांगा. कीहोलोचं गेट संध्याकाळी बंद होतं आणि वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती आत शिरतानाच पाटीवर बघून घ्या.

तारखा पक्क्या झाल्या, आणि कापालाओआच्या त्या सकाळी किती वेळ लागला ते लिहिलंत, तर तुमचा वेग धरून वेळापत्रक पुन्हा मांडून देईन.